गंगापूर धरणात चाललेला लाटामापक बोया समुद्रात चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही एका हवाबंद डब्यात एमपीयू-6050 (त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर आणि फिरणं मोजणारा गायरो एकाच चिपमध्ये) आणि ईएसपी-32 (नोंद घेणारा छोटा मायक्रोकंट्रोलर) बसवून तरंगता बोया केला. गंगापूर धरणात बोट क्लबच्या बाजूला सोडला तेव्हा आलेख झकास दिसला. घरी टेबलावर नुसता ठेवला, तर मिनिटाभरात पंधरा-वीस मीटरची लाट दाखवायला लागला. आता तोच बोया डहाणूला समुद्रात सोडायचा आहे, आणि त्याआधी महागाचा सेन्सर घ्यावा का, घ्यावा तर कोणता, असं तुम्ही विचारताय.

मी आता नाशिकलाच असतो. त्याआधीची बरीच वर्षं कोकण किनाऱ्यावर असे बोये सोडणं, काढणं आणि त्यांनी पाठवलेले आकडे खरे की खोटे ते ठरवणं यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो: पैसे तूर्त खिशात ठेवा. तुमची अडचण सेन्सरच्या दर्जाची फारशी नाही. बोया पाणी मोजतच नाही, तो स्वतःची हालचाल मोजतो. त्याची हालचाल आणि पाण्याची हालचाल यांत जिथे जिथे फरक पडतो, तिथे तिथे आकडा बिघडतो. त्यातल्या बहुतेक जागा चिपच्या बाहेर आहेत.

आधी टेबलावरच्या त्या पंधरा-वीस मीटरचं बघू. ॲक्सेलरोमीटर त्वरण देतो, आणि उंची काढायला त्याचं दोनदा इंटिग्रेशन करावं लागतं. सेन्सरच्या शून्यात 0.01 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक राहिली, म्हणजे गुरुत्वाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी, तर साठ सेकंदांनंतर अर्धा गुणिले 0.01 गुणिले 3600, म्हणजे 18 मीटर. तुमचा आकडा इथूनच आला. एमपीयू-6050 च्या शून्याची चूक डेटाशीटप्रमाणेच यापेक्षा कितीतरी मोठी असू शकते, आणि डबा उन्हात तापला की ती सरकते. पण महागाचा सेन्सर आणलात तरी शून्यात थोडी चूक राहणारच, फक्त 18 मीटर व्हायला एक मिनिटाऐवजी दहा मिनिटं लागतील.

म्हणून लाटेचं इंटिग्रेशन असं नमुन्यामागून नमुना बेरीज करत करायचं नसतं. वीस-तीस मिनिटांची नोंद घ्यायची, तिचे तुकडे पाडून प्रत्येकाला विंडो लावून, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणून, त्वरणाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ऊर्जा आहे ते काढायचं, आणि मग प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर ओमेगाच्या (2 पाय गुणिले फ्रिक्वेन्सी) चौथ्या घाताने भागायचं. त्यातून लाटेच्या उंचीचा स्पेक्ट्रम मिळतो. विंडो टाळू नका. ती नसेल तर मुख्य शिखराची ऊर्जा थोडीशी खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सांडते, आणि चौथ्या घाताने भागल्यावर ते थोडंसं फुगून शिखरापेक्षा मोठं दिसतं. या कामातला सगळा त्रास डाव्या हाताला, म्हणजे लांब पल्ल्याच्या लाटांच्या बाजूला असतो.

किती त्रास, ते आकड्यात बघा. 8 सेकंदांची, 2 मीटर उंचीची लाट घेतली तर तिचं त्वरण साधारण 0.6 मीटर प्रति सेकंद वर्ग भरतं. हे कोणताही सेन्सर ओळखेल. आता 18 सेकंदांची, फक्त 10 सेंटिमीटर उंचीची स्वेल घ्या, म्हणजे दूरच्या वादळातून आलेली लांब लाट. अशा लाटा दक्षिण महासागरातून निघून आठवडाभर प्रवास करून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. तिचं त्वरण भरतं 0.006. शंभर पट लहान. स्थिर हवेतही किनारा अचानक धुऊन निघतो तो अशाच लाटा मोठ्या होऊन आल्या की. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात. म्हणून ही बाजू टाकूनही देता येत नाही.

इथे तुम्ही म्हणाल, मग सेन्सर चांगला हवाच ना. थांबा. एमपीयू-6050 च्या डेटाशीटवर ॲक्सेलरोमीटरचा नॉइज 400 मायक्रो-जी प्रति वर्गमूळ हर्ट्झ दिलाय. तो आकडा घेऊन 0.05 हर्ट्झपासून पुढे, म्हणजे 20 सेकंदांपर्यंतच्या लाटांसाठी, वरचा हिशोब केला तर नॉइजमुळे येणारी खोटी लाट कागदावर साधारण 2 सेंटिमीटर भरते. प्रत्यक्षात अशा स्वस्त चिपमध्ये सावकाश सरकणारा नॉइज वेगळा असतो, त्यामुळे आकडा वाढेल. दुप्पट धरा, तिप्पट धरा. तरीही तुमच्या प्रोजेक्टला तो मारक नाही.

मारक आहे तो डब्याचा कल. डबा 10 अंश कलला आणि तुम्ही सेन्सरच्या उभ्या अक्षालाच खरी उभी दिशा समजलात, तर गुरुत्वाकर्षणाचा जो भाग हिशोबातून सुटतो तो 0.15 मीटर प्रति सेकंद वर्ग. वरच्या स्वेलच्या पंचवीस पट. लहान डबा चौपाटीच्या लाटेवर 10 अंश सहज डोलतो.

यावर तुम्ही गायरो आणि ॲक्सेलरोमीटर एकत्र करणारा फिल्टर लावलाय, असं तुम्ही लिहिलंय. ड्रोनच्या लायब्ररीतून घेतलेला असावा. नेमका तोच माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टचा मुख्य प्रश्न आहे. हे फिल्टर असं धरून चालतात की थोड्या वेळाची सरासरी घेतली तर ॲक्सेलरोमीटरला जाणवणारी दिशा म्हणजे खाली. लाटेवर मोकळ्या तरंगणाऱ्या वस्तूला हे लागू पडत नाही. पाण्यासोबत वर-खाली आणि पुढे-मागे फिरताना तिला जाणवणारं एकूण त्वरण पाण्याच्या पृष्ठभागाला काटकोनात असतं, म्हणून लाटेच्या उतारावर असलेल्या डब्याला आपण सपाटीवर आहोत असंच वाटतं. फिल्टरचा वेळ एक-दोन सेकंदांचा असेल, तर तो गायरोने दिलेला खरा कल पुसून टाकतो आणि प्रत्येक लाटेचा उतार सपाट समजतो.

नेदरलँड्सच्या डेटावेल कंपनीच्या वेव्हरायडर बोयात याचं उत्तर यांत्रिक होतं. द्रवाने भरलेल्या गोळ्यात त्यांनी एक चकती अशी टांगली की तिचा स्वतःचा झोका 40 सेकंदांचा झाला. आठ-दहा सेकंदांच्या लाटेने ती जवळपास हलत नाही, आणि तिच्यावर बसवलेला ॲक्सेलरोमीटर कायम उभाच बघतो. तुम्हाला तेच सॉफ्टवेअरमध्ये करायचंय. फिल्टरचा वेळ सर्वांत लांब लाटेच्या कितीतरी पट, म्हणजे एक-दोन मिनिटांचा ठेवा. त्यासाठी गायरोचं शून्य नीट बसवावं लागेल, आणि तेही तापमानाबरोबर तपासून. इथे महागाच्या सेन्सरचा थोडा उपयोग आहे, पण चांगल्या गायरोसाठी.

आणखी एक बारीकसारीक गोष्ट, पण मी पाहिलेल्या घरगुती बोयांपैकी बऱ्याच जणांना तिने बुडवलंय. ईएसपी-32 मेमरी कार्डावर लिहायला लागला की मधेच काही नमुने सुटतात. तुमचा प्रोग्रॅम ते सलग आहेत असं समजून स्पेक्ट्रम काढतो. प्रत्येक नमुन्याला मायक्रोसेकंदात वेळ टाका आणि आधी त्या वेळांतल्या फरकांचाच आलेख काढून बघा. तो सरळ रेषेत नसेल तर पुढचं काही करू नका.

आता गंगापूर धरणाकडे वळू. तिथे आलेख छान दिसला याचा अर्थ समुद्रात चालेल असा अजिबात होत नाही, पण धरण तुम्हाला जे देऊ शकतं ते समुद्र देणार नाही. ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वारा आणि तीनेक किलोमीटर मोकळं पाणी मिळालं, तर तिथे साधारण वीस सेंटिमीटर उंचीची, पावणेदोन-दोन सेकंदांची लाट उठते. बोट क्लबच्या स्पीडबोटीची लाट असेल तर तीन-चार सेकंद. म्हणजे 5 सेकंदांपेक्षा लांब लाट त्या पाण्यात नाहीच. तेव्हा तुमच्या स्पेक्ट्रममध्ये 0.2 हर्ट्झच्या डाव्या बाजूला जे काही दिसेल ते सगळं तुमच्या यंत्राने स्वतः तयार केलेलं आहे. वाऱ्याच्या दिवशी, डबा चांगला हेंदकाळत असताना तासभर नोंद घ्या. उंचीचा स्पेक्ट्रम काढा. 0.04 ते 0.2 हर्ट्झमधली ऊर्जा बेरजेला घेऊन तिचं वर्गमूळ काढा आणि चारने गुणा. येईल तो तुमच्या बोयाच्या खोटेपणाचा आकडा, मीटरमध्ये. टेबलावर स्थिर ठेवून आलेला आकडा यापेक्षा कितीतरी लहान येईल, कारण टेबलावर कल बदलत नाही. फिल्टरमध्ये बदल करा, परत धरणावर जा, आकडा उतरतो का बघा. डहाणूला हे कधीच कळणार नाही, कारण तिथे त्या पट्ट्यात खऱ्या लाटाही असतात आणि खरं-खोटं एकमेकांत मिसळतं.

(धरण शहराच्या पिण्याच्या पाण्याचं आहे. जलसंपदा विभागाची परवानगी कॉलेजच्या पत्रावर घ्या, आणि बॅटरीचा डबा खरोखर हवाबंद आहे ना ते घरच्या पिंपात रात्रभर बुडवून बघा.)

खोटेपणा मोजून झाला की खरेपणा मोजायचा. त्याला ठरावीक उंचीची आणि ठरावीक वेळाची लाट हातात हवी. कारखान्यात बोये मोठ्या उभ्या चाकावर फिरवतात. चाकाचा व्यास म्हणजे लाटेची उंची, एका फेरीचा वेळ म्हणजे लाटेचा काळ. सातपूर किंवा अंबडला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सची जुनी मोटर मिळाली तर अर्ध्या मीटरचा दांडा लावून तुम्हालाही हे जमेल. डबा दांड्याच्या टोकाला मोकळा लोंबकळला पाहिजे, घट्ट बसवायचा नाही. 5, 10, 15, 20 सेकंदांची फेरी करा. दांड्याच्या टोकाने काढलेलं वर्तुळ 1 मीटरचं, तर प्रत्येक वेळी उत्तर 1 मीटर आलं पाहिजे. 10 सेकंदांपर्यंत बरोबर आणि 20 ला दीड मीटर आलं तर कुठे शोधायचं ते वर लिहिलंच आहे.

नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेत आकाशपाळणा येतो, तोही चालेल. दहा मीटर व्यासाचा पाळणा बारा सेकंदांत फिरत असेल तर ती दहा मीटरची लाट झाली. तेवढी तुम्हाला समुद्रात कधी मिळू नये. पण पाळण्याची बैठक जी झुलते, तो कल अगदी खऱ्या बोयासारखा असतो, आणि गोल फिरणं हीच खोल पाण्यातल्या लाटेवरची खरी चाल आहे. माणसं चढवा-उतरवायला पाळणा थांबतो तेवढा भाग वगळा.

इथवर सगळं डब्याच्या आतलं झालं. डब्याच्या बाहेरचं जास्त अवघड, आणि त्याला चाक-पाळण्याची परीक्षा नाही.

पहिली गोष्ट दोर. समुद्रातला बोया नांगराला बांधलेला असतो, आणि दोर त्याला मोकळं राहू देत नाही. म्हणून बोयाखाली पंधरा-तीस मीटर लांबीचा जाड रबरी दोर असतो. तो ताणला जाऊन लाटेला वाट देतो. तुम्ही साधा नायलॉनचा दोर बांधणार असाल, तर लाटेच्या माथ्यावर बोयाला हिसका बसेल आणि तो माथा कापला जाईल. उत्तर कोकणात याच्या जोडीला भरती-ओहोटीचा प्रवाह आहे. मुंबईत मोठ्या उधाणाच्या वेळी पाणी 4 मीटरहून जास्त चढ-उतार करतं, आणि खंबातच्या आखाताकडे जावं तसा हा फरक वाढत जातो. एवढं पाणी सहा तासांत आत जाणार आणि सहा तासांत बाहेर येणार. त्या ओढीने दोर ताठ होतो, बोया एका बाजूला कलतो, लहान असेल तर पाण्याखालीही जातो.

हे आकड्यात कसं दिसतं ते सांगतो, कारण इथे फसायला होतं. दिवसभराच्या नोंदीत लाटेची उंची दर सहा तासांनी कमी-जास्त होताना दिसते. त्याची तीन कारणं असू शकतात. ओहोटीला पाणी उथळ झालं, आणि लाटा बाहेरच्या उथळ भागावर फुटून खरंच लहान झाल्या. किंवा प्रवाह लाटेच्या उलट वाहायला लागला, आणि लाटा खरंच आखूड आणि उंच झाल्या. किंवा लाटांना काहीच झालेलं नाही, दोराने बोया आवळून धरलाय. मी अशा वेळी तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडतो: बोयाचा सरासरी कल, जीपीएसवरची जागा, आणि उंची. जागा नांगरापासून दोराच्या पूर्ण लांबीइतकी लांब गेली, सरासरी कल वाढला आणि त्याच वेळी आखूड लाटा स्पेक्ट्रममधून नाहीशा झाल्या, तर तो तास मी बाद करतो. जागा मधोमध आणि कल नेहमीचा असेल तर पाण्यावर विश्वास ठेवतो. तुमच्या डब्यात जीपीएस नाही. सेन्सरवर खर्च करणार होतात तो जीपीएसवर करा.

जीपीएसचा दुसरा फायदाही आहे. हल्ली लहान बोये त्याच्याच वेगावरून लाट काढतात; वेगाचं एकदाच इंटिग्रेशन करावं लागतं, आणि कलाचा प्रश्नच येत नाही. तोटा एवढाच की फेसाळती लाट अँटेनावरून गेली की काही क्षण उपग्रह दिसत नाहीत, म्हणजे मोठ्या लाटेच्या वेळीच नोंद तुटते.

दुसरी गोष्ट समुद्री जीव. आपल्या उबदार पाण्यात काही आठवड्यांत बोयाच्या पोटाला शेवाळ धरतं, मग बार्नॅकल, मग शिणाणे. दोन-तीन महिन्यांनी वर काढलेल्या बोयाचा रंग पाण्याच्या रेषेखाली ओळखू येत नाही. हाताला ब्लेडसारखे काप बसतात, आणि खरवडलेला ढीग घमेल्यात भरावा लागतो. वजन वाढलं की बोया खोल बसतो, सुस्त होतो, आणि आखूड लाटा हळूहळू कमी दाखवायला लागतो. हा बिघाड इतका सावकाश होतो की रोजच्या आकड्यात कळत नाही. तुमचा बेत एका दिवसाचा असेल तर याची काळजी सोडा.

तिसरी गोष्ट माणसं, आणि सर्वांत जास्त बोये याच कारणाने जातात. डहाणू-पालघरच्या पट्ट्यात डोल जाळी लावलेली असतात, बाहेर ट्रॉलर फिरतात. जाळ्यात बोया अडकला तर कुठलाही तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जाळं वाचवणार आणि दोर कापणार. त्याच्या जागी मीही तेच करीन. सुटा पिवळा गोळा दिसला तर कुणी घरीही नेतो. नियमाप्रमाणे असा बोया पिवळा हवा आणि रात्री दर वीस सेकंदांना पाच वेळा चमकणारा दिवा हवा, पण माझ्या अनुभवात दिव्यापेक्षा बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत बसून घेतलेला चहा जास्त उपयोगी पडतो. जाळी कुठे लागतात, प्रवाह कधी फिरतो, तळ चिखलाचा की खडकाचा, हे तिथेच कळतं. मेरीटाइम बोर्ड, मत्स्यव्यवसाय विभाग आणि तटरक्षक दलाला लेखी कळवणं हे वेगळं, तेही करायचंच.

आलेला आकडा वाचायचा कसा, हे थोडक्यात. स्पेक्ट्रमखालच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ गुणिले चार म्हणजे सिग्निफिकंट वेव्ह हाइट. ती साधारणपणे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांच्या सरासरी उंचीएवढी येते. अर्ध्या तासात 8 सेकंदांच्या सव्वादोनशे लाटा येतात, आणि त्यातली सर्वांत मोठी या आकड्याच्या दीड पटीहून जास्त असणं अगदी नेहमीचं. उलट, समुद्र अजिबात न बदलताही एका अर्ध्या तासाचा आकडा पुढच्यापेक्षा पाच-दहा टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो. त्यामुळे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 1.37 मीटर लिहू नका, 1.4 लिहा. आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रात ‘आज साडेचार मीटरच्या लाटा’ छापून येतं, त्याच्याशी तुलना तर मुळीच करू नका. तो बहुतेक वेळा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा आकडा असतो, लाटांचा नव्हे. तुलना करायची तर इन्कॉइस या सरकारी महासागर माहिती केंद्राच्या वेव्हरायडर बोयांच्या आकड्यांशी करा. रत्नागिरीजवळचा बोया डहाणूपासून फार लांब आहे, तेव्हा उंची जुळणार नाही, पण लांब स्वेलचा काळ दोन्हीकडे जवळपास सारखा असायला हवा.

आता तुमच्या बेताबद्दल. जून ते सप्टेंबर विसरा. पावसाळ्यात तुम्हाला होडी मिळणार नाही, आणि मिळाली तरी बसू नये. मार्च-एप्रिल धरा. त्या दिवसांत सकाळी समुद्र शांत असतो, दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत तीन-पाच सेकंदांच्या आखूड लाटा चढत जातात. एकाच दिवसात शांत आणि खवळलेलं, दोन्ही पाणी मिळतं. उधाणाचे दिवस टाळून भांगाच्या भरतीचा दिवस निवडा, म्हणजे प्रवाह कमी. नांगरून ठेवण्याच्या फंदात पहिल्या खेपेला पडूच नका. होडीतून बोया मोकळा सोडा, हलक्या तरंगत्या दोराचं एक टोक होडीत ठेवा, दोर सैल राहील एवढं अंतर राखा, अर्धा तास नोंद घ्या, उचला, दुपारी परत सोडा. दोर, प्रवाह आणि जाळी हे तिन्ही प्रश्न त्या दिवसापुरते मिटतात. होडी मात्र फुटणाऱ्या लाटांच्या बरीच बाहेर हवी. तो किनारा उथळ आहे, लाट पाण्याच्या खोलीच्या पाऊण पटीपर्यंत वाढली की फुटते, आणि फुटत्या लाटेवर यातला कुठलाच हिशोब चालत नाही.

धरणावरची पुढची नोंद झाली की तिची कच्ची फाइल इथे टाका, प्रत्येक नमुन्याच्या वेळेसकट आणि सहाही अक्षांसकट. गुळगुळीत केलेला आलेख नको, त्यातून मला काहीच सांगता येणार नाही. सोबत डब्याचा व्यास, वजन आणि तो पाण्यात किती बुडतो तेही लिहा. डबा स्वतःच्या झोक्याने किती सेकंदांना वर-खाली होतो ते त्यावरून काढता येईल, आणि तो काळ धरणातल्या लाटेच्या जवळ असेल तर तुमचा तो झकास आलेखही परत तपासावा लागेल.